इरण्णा रिटायर होतात

इरण्णा कुणालाही पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतात. "किती राह्यली?"

नाव नाही, गाव नाही, या-बसा नाही. नोकरीची वर्षं किती राहिली, एवढंच. एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. त्यांनाही इरण्णांनी भर व्हरांड्यात गाठलं. साहेब गडबडले आणि चक्क खरं उत्तर देऊन बसले, "अकरा." इरण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "लई हायत. दमानं घ्या." त्या दिवशीची तपासणी खरोखरच दमानं झाली. साहेब चहा घेऊन लवकर गेले.

आमची संस्था म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांचं वसतिगृह. सोलापुरात, सात रस्त्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी तिथली अधीक्षक. इरण्णा तिथले रहिवासी, पण हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते ते तिथे नोकरीला आहेत. तिशीच्या आत असताना त्यांची अव्वा, म्हणजे आई, त्यांना वळसंगहून घेऊन आली आणि "हितं काम करायचं बरं का" असं सांगून सोडून गेली. इरण्णांनी तो शब्द कधी खाली पडू दिला नाही. अव्वा गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आमच्या रजिस्टरात मात्र इथे राहणारा प्रत्येक जण 'मूल' आहे. 'मुलाचे नाव', 'मुलाची प्रगती', 'मुलाच्या आवडीनिवडी'. इरण्णांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, दाढा पडल्या, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तरी रजिस्टरात ते मूलच. मीही येताजाता "आमची मुलं" म्हणते. जिभेला लागलेली सवय आहे, आणि ती काही चांगली नाही. बालदिनाला एक देणगीदार बाई फुगे वाटायला आल्या. त्यांनी इरण्णांच्या हातात लाल फुगा दिला आणि गालाला हात लावला. इरण्णांनी फुगा घेतला, सही कुठे करायची ते विचारलं आणि बाई पुढे सरकताच तो बाबूच्या ताब्यात दिला. बाबू चाळिशीचा, आई गेल्यावर मागच्या वर्षी आमच्याकडे आलेला. तो दिवसभर फुगा घेऊन हिंडला.

आमच्या कार्यशाळेत फिनेल बनतं. एकजण ढवळतो, दोघं बाटल्या भरतात, एकजण लेबल चिकटवतो. झाकण लावण्याचं खातं इरण्णांचं. खातं हा त्यांचाच शब्द. "बाटली काय, कुणीबी भरंल," ते नव्या कर्मचाऱ्यांना समजावतात, "झाकणाला मानूस लागतो." नवीन मुलगी कामाला लागली की पहिला आठवडा तिला इरण्णांच्या हाताखाली काढावा लागतो. कुणी फार बडबड केली की ते कानडीत दम देतात, "सुम्न कूड!" म्हणजे गप बस. कानडी न येणाऱ्यालाही ते बरोबर कळतं. मलाही एकदोनदा कळलं आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र इरण्णांचे हात थरथरायला लागले. झाकण आट्यांवर बसेना. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एका दुपारी तीन बाटल्या लवंडल्या आणि फिनेल थेट स्वयंपाकघरापर्यंत वाहत गेलं. आमची स्वयंपाकीण पद्माक्का नाकाला पदर लावून माझ्याकडे आली. "मॅडम, आमटीला काय फोडणी द्यायची आता? काहीबी घातलं तरी फिनेलच लागणार."

मी इरण्णांना बाजूला घेतलं. म्हटलं, "लई केलंत इरण्णा. आता आराम करा."

"म्हंजे रिटायर?"

टेबलावर फोन वाजत होता, दारात भाजीवाला उभा होता. मी म्हणाले, "हो, तसंच समजा."

माझ्यासारखीने घाईत असं बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

दुसऱ्या दिवसापासून इरण्णांनी माझ्यामागे यादी लावली. शाल पाहिजे. नारळ पाहिजे. हार झेंडूचा नको, गुलाबाचा. चिवडा आणि पेढे. फोटोत सगळे. इतक्या वर्षांत संस्थेतले जेवढे म्हणून रिटायर झाले, त्या सगळ्यांच्या निरोपाला इरण्णा पहिल्या रांगेत होते. काय काय लागतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. आम्हालाही गंमत वाटली. आम्ही सगळं आणलं.

समारंभ झकास झाला. मी चार शब्द बोलले. मग इरण्णा उठले. "मी हितं झाकणं लावली," ते म्हणाले. "एकबी गळलं न्हाय." पद्माक्काला खोकला आला. पण निरोपाच्या भाषणात सगळेच थोडं इकडचं तिकडं करतात. नंतर त्यांनी झाकणांची पाटी बाबूच्या मांडीवर ठेवली, म्हणाले, "चार्ज दिला," आणि बाबूकडून कागदावर अंगठा घेतला. टाळ्या झाल्या, पेढे संपले. मी माझ्या खोलीत येऊन पंख्याखाली बसले.

अर्ध्या तासाने पद्माक्का धावत आली. "मॅडम, इरण्णा गेटवर जाऊन बसलेत. ट्रंक घेऊन."

मी गेले. गेटाजवळच्या बाकावर इरण्णा ताठ बसले होते. गळ्यात हार, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, पायाशी पत्र्याची ट्रंक. मे महिन्याचं ऊन तापलं होतं.

"हे काय इरण्णा?"

"रिटायर झाल्यावर घरचे न्यायला येतात की."

खरंच, दरवेळी येतात. कार्यशाळेच्या गुरुजींना न्यायला मुलगा-सून आले होते, शिपायाला न्यायला अख्खी गल्ली आली होती. आम्ही शाल आणली, पेढे आणले, एवढी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. इरण्णांचा पुतण्या वळसंगला असतो. वर्षातून एकदा येतो, डझनभर केळी देतो आणि चप्पल न काढता जातो. तरी मी फोन काढला.

"नका लावू," इरण्णा म्हणाले. "कुनी येत न्हाय. मला म्हाईत हाय."

"मग इथे उन्हात कशाला बसलात?"

त्यांनी मान न वळवता डोळ्यांनीच मागे दाखवलं. हॉलच्या खिडक्यांच्या गजांना सगळे चिकटून उभे होते. मधोमध बाबू.

"पोरं बघालेत," ते हळू आवाजात म्हणाले. "बाबू आला तवा लई रडायचा. घरी जातो, घरी जातो. मी म्हनलं, आता नोकरी हाय बाबा. रिटायर झालं की घरी. समद्यास्नी मी तसंच सांगितलंय. आता मीच न्हाय गेलो तर?"

अठरा वर्षं मी या माणसांची प्रगती रजिस्टरात लिहिते आहे, आणि रडणाऱ्या माणसाला रात्रीपुरतं तरी गप करणारा तो शब्द कुणाचा होता, हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली मला.

"थोडा येळ कुटंतरी न्या की मॅडम," इरण्णा म्हणाले. "परत येतो मी."

मी रिक्षा बोलावली. ट्रंक पायाशी घेतली. खिडक्यांमधून हात हलले, इरण्णांनीही शालीतून हात काढून हलवला. मी त्यांना माझ्या घरी नेलं. हे नियमात बसतं का? नाही बसत. रजिस्टरात मी 'घरी रजेवर' असं लिहिलं आणि खाली सही केली. घरी त्यांनी माझ्या नवऱ्याला किती राह्यली ते विचारलं, शेंगाचटणीबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि आमच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण एकदा बघून घेतलं.

सकाळी आम्ही परत आलो, तर बाबू गेटावरच होता. त्याने ट्रंकेला हात घातला, पण उचलली नाही.

"अण्णा, घर व्हतं?"

"व्हय. हाय की. तितंच हाय."

"मग परत का आला?"

"करमंना," इरण्णा म्हणाले.

बाबू जरा वेळ ट्रंकेच्या कडीशी खेळत राहिला. मग खाली बघतच त्याने विचारलं, "माझं?"

इरण्णांनी शाल सारखी केली आणि थरथरता हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"येताना बघून आलो की तुझंबी. कुलूप हाय. पन घर हाय."