नानांची उलटी पाटी

साऱ्या मेहकरात पाटी उलटी लावणारा दुकानदार एकच, आमच्या शेजारचे नाना किराणावाले. उलटी म्हणजे खाली डोकं वर पाय नव्हे. अक्षरं आरशात दिसावी तशी! वाचता वाचता माणसाची मान मोडायची.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, मी तहसिलीत कारकून होतो, आणि गावात वीज यायची होती. नाना माल आणायला अकोल्याला गेले नि तिथल्या दुकानावरची उजळलेली अक्षरं पाहून आले. झालं, खूळ शिरलं डोक्यात. आधी पत्र्याची पोकळ अक्षरं केली, तोंडाला रंगीत काच, पोटात रॉकेलच्या चिमण्या. बघायला बाजार लोटला. नाना मात्र दुकानातून मागच्या घरात जाऊन आले नि म्हणाले, "नाही दिसत न बे!"

"अहो नाना, पार चौकातून दिसून राह्यलं!"

"तुले काय समजते!"

मग भरीव अक्षरं भिंतीपासून वीतभर पुढे ठोकली, मागे कंदील. अक्षरं काळी, कडेनं पिवळा उजेड. झकास! नाना पुन्हा आत जाऊन आले. "नाही दिसत." मी कपाळाला हात लावला.

शेवटी दारावरच्या झरोक्यात अक्षरं कोरलेला पत्रा बसवला, त्याला तांबडा कागद डकवला आणि कंदील टांगला तो बाहेर, रस्त्याच्या अंगाला! रस्त्यावरून दिसे नुसता कंदील नि मागे उलटं 'अनसूया भांडार'. लोक म्हणत, माहूरच्या अनसूया देवीचा भक्त आहे, पण येडा आहे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं. मला भारी काळजी वाटे हो. नानांची बायको, आमच्या वहिनी, कधीच्या अंथरुणाला खिळलेल्या, त्यात दुकान बसलं तर या माणसानं करावं काय?

एका तिन्हीसांजेला दुकानात शिरून मी स्टुलावर चढलोच. पत्र्याला हात लावतो तोच नाना ओरडले, "हात नोको लावू बे!" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी घाबरून खाली उतरलो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, तिथं खाटेवर वहिनी पडल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. देवीचं नाव कोणी उलटं लावते काय?"

"देवीचं कायचं, भाऊजी? माह्यं नाव हाय ते." वहिनी हसल्या. "साऱ्या गल्लीची मी वहिनीच, कोणाले ठाऊक राहीन! लग्न झाल्यापासून यायनं एकदाही तोंडातून काढलं नाही. लाज वाटे. आता मी थोड्या दिवसाची, तं रोज पेटवतेत. इथून सुलटं दिसते, पाहा."

मी वळून पाहिलं. झरोक्यात लाललाल अक्षरं, एकदम सुलटी. नाना पाठमोरे उभे, उगाच मिठाचं पोतं सारखं करत होते.

"नाना, पावशेर गूळ द्या," म्हणालो. घरात अख्खी ढेप पडली होती.