झाड मृत समजण्यात येईल

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आचलच्या शाळेचं परिपत्रक आलं. केजी टूच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरी कुंडीत बुटकं लिंबाचं झाड वाढवून जानेवारीच्या प्रदर्शनात फळासह सादर करावं. पालकांनी कोणतीही मदत करू नये. कुंडी, माती, खत आणि कलम मात्र पालकांनी आणावं. विद्यार्थी पाणी घालत असल्याचा फोटो रोज साडेआठच्या आत ग्रुपवर टाकावा. फोटो न आल्यास झाड मृत समजण्यात येईल.

मी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी आहे. तरी शेवटच्या वाक्याने मला घाम फुटला. पातूर रोडच्या नर्सरीतून कलम आणलं आणि आचल रोज झारीने पाणी घालू लागली. घालता घालता झाडाशी बोलायची. बोलणं फोटोत येत नसल्यामुळे त्याला गुण नव्हते.

सप्टेंबरपर्यंत झाड हिरवंगार झालं. फूल एकही नाही. ग्रुपवर शुभमच्या आईने कळीचा फोटो टाकला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेवढ्यात वाडेगावहून सासरे आले. मोतीराम मामाजींची तिकडे लिंबाची बाग आहे. त्यांनी कुंडीत बोट खुपसलं.

"काहून वं सीमा, रोज पाणी देऊन राहिली याले?"

"हो मामाजी. फोटो लागतो ना."

"फोटोनं बहार येते का? ताण दे त्याले. वीस दिवस थेंब नाही. पानं मलूल झाली का मंग पाणी सोड. बागेत आमी तेच करतो."

"वीस दिवस फोटो गेला नाही तर झाड मेलं म्हणतील."

मामाजींनी आधी झाडाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "जितं हाय ना समोर?"

मी घाबरून आचलच्या वर्गशिक्षिका मंजुषा मॅडमना फोन केला. त्यांनी दिलासा दिला. "पाणी घालायलाच पाहिजे असं कुठे म्हटलंय? पाणी घालत असल्याचा फोटो हवा."

मग वीस दिवस आचलने रिकामी झारी वाकवली. पहिल्या दिवशी ती रडली. "आई, त्याला तहान लागली ना!"

"हस बेटा, साडेआठ होऊन राहिले."

चौथ्या दिवशी ती न सांगता हसली. दहाव्या दिवसापासून रिकामी झारी जड असल्यासारखी दोन्ही हातांनी धरू लागली. शाळेने तिला 'जलदूत' प्रमाणपत्र दिलं.

मामाजी खरे ठरले. पुन्हा पाणी घातल्यावर फुलं आली आणि जानेवारीपर्यंत एक हिरवं, सुपारीएवढं लिंबू टिकलं. आचलने त्याचं नाव बिट्टू ठेवलं. पण प्रदर्शनाच्या फॉर्मवर 'फळाचा रंग' यापुढे आधीच छापलेलं होतं: पिवळा. मी भाजीबाजारातून पिवळंधम्मक लिंबू आणून हिरव्या दोऱ्याने फांदीला बांधलं. बिट्टूला पानाआड लपवलं.

परीक्षकांना तो दिसलाच. "ही गाठ रोगट वाटते," म्हणत त्यांनी तो खुडून टाकला आणि आम्हाला पहिला नंबर दिला. आचलने माझ्याकडे पाहिलं. समोर फोटोग्राफर होता.

"हस," मी म्हटलं. ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दूध प्यायला दिलं. थोड्या वेळाने गॅलरीतून हाक आली. आचल रिकामा पेला, जड असल्यासारखा दोन्ही हातांनी, तोंडाला लावून उभी होती. दूध कुंडीत होतं.

"आई, काढ फोटो."

फोटो छान आला. मी माझ्या सगळ्या ग्रुप्सवर टाकला. शहाण्णव अंगठे आले. त्यातला एक तुमचा.