दगडूनानांची डबल बेल

आमच्या जळगावच्या गल्लीत कोणी पासष्टी ओलांडली की बाकीचे लोक श्रीफळ आणि शाल घेऊन जात. दगडूनाना मात्र नोटीस घेऊन जात. "रविवारी परीक्षा. सकाळी आठला. पोट हलकं ठेवा."

नाना एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. मूळचे दोंडाईच्याकडचे, पत्नी निवर्तलेली, राहणे एकट्याचे. बोलणे शहरातले, पण अंतःकरण हलले की अहिराणीवर येत. नोकरी संपली तरी खाकी सदरा त्यांनी सोडला नव्हता, आणि रस्त्यात दोन माणसे बोलत उभी दिसली तरी "पुढे सरका, पुढे सरका" हे शब्द त्यांच्या मुखातून आपोआप बाहेर पडत.

वृद्धांना प्रकृती विचारणे त्यांना मान्य नव्हते. "दुखतं काय, हे डॉक्टर विचारील. मी विचारतो, आज स्वतःच्या हातानं काय काय केलं?" सुईत दोरा ओवणे, भरलेली बादली ओट्यावर ठेवणे, काल काय जेवलो ते सांगणे, यावलच्या गाडीत पिशवीसह चढून योग्य थांब्यावर उतरणे आणि दोन कप चहा न सांडता आणणे, असा त्यांचा अभ्यासक्रम. शेवटी निकाल. नाना अडकित्त्याने तांब्यावर ठोका देत. एक ठोका म्हणजे गाडी थांबली. दोन ठोके म्हणजे डबल बेल, गाडी चालू.

कोपऱ्यावरचे आबा शिंपी सर्व विषयांत उत्तीर्ण होऊनही लेंग्याच्या नाडीवर अडले. नानांनी गाठ निरखली आणि म्हणाले, "आबा, नाडी तुमची, पण गाठ सुनेची दिसते." टण. एकच ठोका. आबा पंधरा दिवस गाठीचा सराव करत होते.

या परीक्षेला मी आरंभी हसत असे. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मात्र माझ्या चिरंजीवांचे पुण्याहून पत्र आले : 'आपण आता एकटे राहू नये. दिवाळीनंतर घर भाड्याने देऊन इकडे यावे.' पत्र प्रेमाचेच होते. परंतु चाळीस वर्षे ज्या देव्हाऱ्यापुढे बसलो, पत्नीने लावलेल्या ज्या तुळशीला पाणी घातले, ते सोडून जाण्याच्या कल्पनेने मी अर्ध्या ताटावरून उठलो. मी पत्र नानांना दाखविले.

"गुरुजी," ते म्हणाले, "पोरं म्हाताऱ्याला प्रवासी म्हणून नेत नाहीत. टपावरचं सामान म्हणून नेतात. तुमची परीक्षा घेऊ. पास झालात तर पत्र मी लिहीन."

जन्मभर संस्कृत शिकवून सहस्रावधी मुलांना गुण देणारा मी, त्या रविवारी परीक्षार्थी झालो. दोरा ओवला. बादली उचलली. यावलच्या गाडीत चढलो. परीक्षक अनोळख्याप्रमाणे मागच्या बाकावर बसले होते, पण गर्दी होताच त्यांच्याच्याने राहवेना आणि ते गरजले, "पुढे सरका!" खऱ्या कंडक्टरने विचारले, "काका, गाडी तुमची की माझी?" नाना ओशाळून खिडकीबाहेर केळीच्या बागा पाहू लागले.

घरी येऊन मी चहा केला, एक थेंब न सांडता दोन कप आणले आणि प्रशंसेची प्रतीक्षा करू लागलो. नाना पाणी पिण्यासाठी आत गेले. बाहेर येऊन त्यांनी अडकित्ता उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग तांब्यावर दोन ठोके पडले. "बठ्ठं बराबर शे," सगळे ठीक आहे, असे ते म्हणाले. त्याच दिवशी पुण्याला कार्ड गेले : 'गुरुजी पास. गाडी चालू ठेवावी.' चिरंजीवांनी ते मानले.

दुसऱ्या दिवसापासून नवाच क्रम सुरू झाला. सायंकाळी मी देवाला दुधाचा नैवेद्य दाखवून बाहेर येतो तो नाना दारात. "गुरुजी, सुपारी." सुपारी घ्यावी, आत जाऊन पाणी प्यावे, घटकाभर बसावे. माझ्या अहंकाराने गृहीत धरले की हे माझ्या शास्त्रचर्चेचे आकर्षण. मी त्यांना नित्य एक स्तोत्र अर्थासह सांगू लागलो. ते निमूटपणे ऐकत. मात्र स्वतःची सुपारी कधी आणत नाहीत म्हणून मनातल्या मनात मी त्यांना कृपणही ठरविले. देव मला क्षमा करो.

वर्षभराने नाना नातवाच्या बारशासाठी आठ दिवस धुळ्याला लेकीकडे गेले. त्याच सायंकाळी समोरच्या सकिनाभाभी दारात उभ्या. "गुरुजी, सुपारी द्या."

"भाभी, आपल्याला तर एकही दात नाही."

त्या गोंधळल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज आला, "या अल्ला! नानाभाऊ बोलले तस्संच. शेगडी जळतेच आहे!" बाहेर येऊन त्यांनी तोंडावर पदर धरला. "ते सांगून गेले, सुपारी मागायची, पाणी प्यायचं, शेगडी बंद करायची. गुरुजींना समजू द्यायचं नाही."

मी देव्हाऱ्यापुढच्या पातेल्याकडे पाहिले. दूध तापले की ज्योत बारीक करून मी पातेले देवापुढे नेत होतो, आणि देवाकडे जाताना अग्नीला विसरत होतो. परीक्षेच्या दिवशी चहाचेही तेच झाले होते. मी नापास होतो.

नाना परतले तेव्हा मी म्हणालो, "आपण खोटा निकाल दिलात. आता सत्य पुण्याला कळविले पाहिजे."

नाना ताडकन उठले. "गुरुजी, तिकीट तुम्हनंच शे! मी फक्त पिशवी धरी. यामां फुकट प्रवास कोठे व्हयना?"

"आणि सुपारी?"

"डाक्टरनी बंद करेल शे. घरी सुपारीना डबा भरना."

मी ते कार्ड लिहिले नाही. परंतु देवापुढे संकल्प केला. शेगडी विझवून, ती विझल्याचे मोठ्याने उच्चारून, मगच पातेले उचलायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलो. पुढे चुकलो नाही. नाना येत, सुपारी घेत, आत जाऊन पाणी पीत, स्तोत्र ऐकत.

दोन महिन्यांनी एके सायंकाळी ते आतून बाहेर आले ते सावकाश. बसले नाहीत. सदऱ्याच्या खिशात सुपारी चाचपत उंबऱ्याशी उभे राहिले.

"गुरुजी, शेगडी आते रोज बंदच ऱ्हास," ते म्हणाले. "मंग मी येऊ का नको?"

मी त्यांच्याकडे पाहिले. मग पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, तांब्या जवळ ओढला आणि दोन ठोके दिले.