पडण्याची परीक्षा

आईसाहेब आठवड्यात सहा वेळा पडल्या, असं त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याने मुलाला परस्पर कळवलं. आईसाहेब मात्र एकदाही पडल्या नव्हत्या. चार वेळा त्या धपकन स्टुलावर बसल्या होत्या, एकदा ओल्या कपड्यांची बादली आदळली होती आणि एकदा शेजारणीला झापताना टेबलावर हात आपटला होता.

मुलगा काही ऐकेना. पट्टा त्याच्याच कंपनीचा, शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर निघालेला. तेव्हा एकटं राहणं आता पुरे, महिनाअखेर दोन्ही खोल्यांना कुलूप घालून त्याच्याकडे यायचं, हेही त्याने ठरवून टाकलं. पट्ट्याच्या साक्षीवर आपलं घर सुटणार म्हटल्यावर आईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या त्याच्या ऑफिसात धडकल्या.

यंत्राची परीक्षा घेतली कशी, ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. ऑफिसातली पंचविशीतली पोरं जाड गादीवर धडाधड पडली होती. त्यावरून यंत्र शिकलं. मग तीच पोरं पुन्हा पडली, आणि यंत्राने बरोबर ओळखलं.

"म्हणजे शिकवलं तेच विचारलंत," आईसाहेब म्हणाल्या. "असे मार्क मिळाले असते तर मी कशाला शाळा सोडली असती? आणि माझ्या वयाचं कोणीच मिळालं नाही तुम्हाला?"

"पण आजी, म्हाताऱ्या माणसांना पाडायचं कसं?" पट्टा बनवणाऱ्या विभागाच्या मॅडम चाचरत म्हणाल्या.

"पाडू नका. आमचं उठणं-बसणं तरी बघा. आम्ही बसतो धपकन आणि पडतो हळूच. हे असं."

त्यांनी भिंत धरली आणि घसरत घसरत जमिनीवर आल्या. पट्टा गप्प. मॅडमनी मुकाट्याने फळ्यावरचे अठ्ठ्याण्णव पुसले. नवी माणसं, त्यातही वयस्कर माणसं घेऊन सगळं पुन्हा तपासायचं ठरलं. तोवर कुलपाचा विषय बंद, असं मुलानेही कबूल केलं.

आईसाहेब जिंकल्या होत्या. फक्त गुडघे उठेनात. म्हणून त्यांनी खाली बसूनच सगळ्यांना आणखी दहा मिनिटं फैलावर घेतलं. पोरं माना डोलवत राहिली. मुलगा तेवढा वही घेऊन शेजारी उकिडवा बसला.

"आई, उठता येत नाहीये ना?" तो कुजबुजला. "हे पण लिहायचं का?"

आईसाहेबांनी त्याच्याकडे जळजळीत बघितलं. खोटे मार्क चालणार नाहीत, हे सांगायला त्याच तर इथवर आल्या होत्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "आणि पुढे हेही लिही, की उठवायला पोटचा मुलगा हाताशी होता, पण त्याने आधी वही उघडली."