इस्त्रीवालीची भिंत

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी पाहणी अधिकारी नदीकाठी आले. नियम सुटसुटीत होता: भिंतीवर पाण्याची खूण जितकी उंच, तितके नुकसान मोठे. खूण कमरेच्या वर असेल, तर निवारा केंद्रात एक खोली.

इस्त्रीवालीला ती खोली हवीच होती. सासू तापाने फणफणली होती आणि दोघींचा मुक्काम एका बंद दुकानाच्या पायरीवर होता.

"खूण दाखवा," साहेब म्हणाले.

"कशावर दाखवू, साहेब? अख्खं घरच वाहून गेलं."

साहेबांनी समोरच्या चिखलाकडे सहानुभूतीने पाहिले आणि रकान्यात शून्य लिहिले. "बाई, भिंत नाही म्हणजे खूण नाही. खूण नाही म्हणजे पाणी आलंच नाही. मी काय मनानं लिहू?"

इस्त्रीवाली हात टेकणाऱ्यातली नव्हती. दिवसभर चिखल तुडवून तिने आपली पत्र्याची भिंत हुडकून काढली. खिळ्याला चहाची गाळणीसुद्धा तशीच होती! भिंत पुढच्या वळणावरच्या वसाहतीत, एका बंगल्याच्या आवारात, मालकांच्या गाडीवर आडवी पडली होती. तिला इतका आनंद झाला, की ती साहेबांना अक्षरशः ओढतच घेऊन आली.

"आडव्या भिंतीची उंची कशी मोजायची?" साहेबांना प्रश्न पडला.

तिने पत्रा उभा करून दोन्ही हातांनी धरला. चिखलाची रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती.

"वा, स्पष्ट खूण आहे," साहेब खूश झाले. "पण भिंत ज्याच्या हद्दीत, नुकसान त्याचं." आणि खोली बंगल्याच्या मालकांच्या नावे मंजूर झाली.

"मी काय करू खोलीचं?" मालक गोंधळले. "बरं, असू दे. गाडी ठेवू तिथं."

एक रकाना उरला होता: नुकसानीचे कारण. पूर लिहिता येईना, कारण बंगल्यात पाणी जेमतेम वीतभर आले होते आणि गाडी तर भिंतीने चेपली होती. साहेब प्रामाणिक होते. त्यांनी आपत्ती म्हणून इस्त्रीवालीचे नाव लिहिले.

"साहेब, माझी सासू मरंल हो!"

"तो अर्ज वेगळा. आधी मरू तर द्या."

सासू त्यानंतर चौथ्या दिवशी गेली. ती तापाने गेली, पुराने नाही, म्हणून पूरबळींत तिची नोंद झाली नाही.

अहवाल वाचून आपली वसाहत हादरली. पुढच्या पुरात पुन्हा कुणाचे घर अंगावर आले तर? नदीकडेला उंच संरक्षक भिंत बांधायचे ठरले. पाणी मग पलीकडच्या काठावर जाईल, असे अभियंत्यांनी सांगितले. पलीकडे झोपड्याच आहेत, हे ऐकून सभेचा जीव भांड्यात पडला. ठराव एकमताने मंजूर झाला. आपणही हात वर केला होता. शर्टाची बाही काय कडक दिसत होती! इस्त्री तिचीच, पुराच्या आदल्या दिवशीची.