काळजीवाहूची बदली

'प्रिय काळजीवाहू' असा मायना असलेले पत्र आले, तेव्हा विमला सासऱ्यांच्या, धाकूंच्या, शर्टाची चौथी गुंडी लावत होती. पहिल्या तीन गुंड्या त्यांनी दरम्यान पुन्हा काढून ठेवल्या होत्या. रविवार असल्यामुळे तिचा नवरा राजेश घरात होता, म्हणून पत्र मोठ्याने वाचण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली.

"काळजीवाहू म्हणजे मुख्यमंत्री ना गं? नवा येईपर्यंत बसवतात तो?"

"मग नवा कधी येतोय? मला बसवून नऊ वर्षं झाली."

राजेश मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. धोका दिसताच यंत्र बंद करायचे, हे तेथील शिक्षण त्याने संसारातही उतरवले होते. तो पुढचे वाचू लागला. कुटुंब व परिचर्या अभ्यास संस्थेने 'काळजीवाहू, कुटुंबे आणि शिक्षक यांच्या गरजांचे व अनुभवांचे आकलन' या विषयावर सभा बोलावली होती. बुधवार, दुपारी अडीच ते साडेचार. सभागृह वातानुकूलित होते. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती: 'गोपनीयतेच्या दृष्टीने कृपया एकट्यानेच यावे.'

"जा ना. दोन तास एसीत बसायला मिळेल. झकास!"

"एकटी जाऊ? आणि तीन वाजता बाबांना कोण अडवणार?"

राजेशने पत्राची घडी घातली आणि ती अतिशय काळजीपूर्वक घातली.

धाकू चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तरुणपणी ते गिरणीच्या साचाखात्यात जॉबर होते. रांगेने उभ्या असलेल्या मागांवर, म्हणजे साच्यांवर, आणि ते चालवणाऱ्या माणसांवर त्यांची सत्ता चाले. गिरणी बंद पडून चाळीस वर्षे उलटली होती. परंतु धाकूंच्या डोक्यात ती नऊ वर्षांपूर्वी पुन्हा सुरू झाली होती. रोज दुपारी पावणेतीनला ते कपडे करत आणि दुसऱ्या पाळीला निघत. विमला दाराला पाठ लावून उभी राही. रात्रीही ते जागेच असत. आयुष्यात एकदा दुपारी दोन तास सलग झोपावे, एवढीच विमलाची इच्छा होती. ती कोणत्याही शास्त्रात बसत नसल्यामुळे तिने ती कोणाला सांगितलेली नव्हती.

तिने पत्रावरच्या क्रमांकावर फोन केला. संस्थेतल्या ऋतिका नावाच्या सहायक मुलीने तिचे ऐकून घेतले, आत जाऊन विचारले आणि परत येऊन सांगितले, "ताई, सर म्हणतात मुद्दा खूप महत्त्वाचा आहे. तुम्ही तो चर्चेत मांडा."

"अगं बाई, पण चर्चेला येऊ कशी?"

"तोच मांडा ना."

सर म्हणजे संस्थेचे संचालक डॉ. विद्याधर. काळजीवाहूंच्या प्रश्नांवर त्यांचे सत्तावीस निबंध प्रसिद्ध झाले होते. घरी ते एकटे राहत, त्यामुळे त्यांच्या दृष्टिकोनात अनुभवाचा पूर्वग्रह शिरण्याची शक्यता नव्हती.

बुधवारी असल्फ्याहून रिक्षा करून विमला मरोळच्या त्या सभागृहाशी उतरली, ती अर्थातच धाकूंना घेऊन. वर पोहोचल्यावर तिला दिसले की एकट्याने यायची सूचना मिळालेले बावीस काळजीवाहू आले होते आणि त्यांच्याबरोबर एकोणीस जण आले होते. चाकांच्या दोन खुर्च्या लिफ्टच्या दारात एकमेकींत अडकून बसल्या होत्या. मुलुंडच्या विशेष शाळेतल्या जयंतीबाईंनी आपली विद्यार्थिनी गंधाली हिला आणले होते. शाळा साडेबाराला सुटे, गंधालीची आई कामावरून पाचला सुटे आणि मधल्या साडेचार तासांची तरतूद शिक्षण खात्याने जयंतीबाईंच्या स्वभावावर सोडली होती.

डॉ. विद्याधर दारात उभे राहिले. "सूचना मराठीत दिली होती ना?"

"मराठीतच होती, सर," विमला म्हणाली. "म्हणून तर फोन केला."

"पण ज्यांची काळजी घेतली जाते, त्यांच्यासमोर तुम्ही मोकळेपणाने कशा बोलणार?"

"मोकळेपणाचं तर राहूच द्या. बोलायला तरी कधी मिळतं?"

शास्त्राची शुचिता राखणे भाग होते. एकोणीस जणांना बाहेरच्या प्रशस्त दालनात बसवण्यात आले आणि त्यांच्यावर ऋतिकाची नेमणूक झाली. जाता जाता जयंतीबाईंनी तिला बजावले, "गंधालीला पेनं दे, रंगाने ओळीत लावत बसेल. पण लावलेलं पेन उचलायचं नाही हं." काळजीवाहू आत गेले, दार बंद झाले आणि आकलनास आरंभ झाला.

मूळ प्रश्नावली इंग्रजी होती. काळजी घेणाऱ्याला मध्येच मिळणारी उसंत, अशा अर्थाचा एक शब्द तिच्यात वारंवार येई. संस्थेच्या भाषांतर समितीने त्यावर तीन बैठका घेतल्या होत्या आणि शब्दकोशातील पाच पर्यायांपैकी ज्यातून काहीही समजणार नाही, तो एकमताने निवडला होता.

"प्रश्न पहिला," डॉ. विद्याधर वाचू लागले. "आपणांस स्थगितीची गरज वाटते काय?"

सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मग विमला म्हणाली, "नको, सर. आमच्या बिल्डिंगला आधीच मिळालीय. कोर्टातून."

"आमच्यालापण," मागून कोणी म्हणाले. "तीन वर्षं रिडेव्हलपमेंट लटकलंय. तुम्ही उठवायला मदत करता का?"

"तशी नव्हे. वैयक्तिक स्थगिती."

"वैयक्तिक पण लागते?" जयंतीबाईंनी काळजीने विचारले. "बाई गं, वाटच लागली मग!"

पुढची दहा मिनिटे बिल्डर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि न्यायसंस्था यांवर अत्यंत मोकळी चर्चा झाली. डॉ. विद्याधर टिपणे घेत होते; त्यांच्या मते सहभागींचा विश्वास संपादन होत होता. एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले आणि दार किलकिले झाले.

"सर," ऋतिकाचा आवाज घोगरा झाला होता, "एक आजोबा हजेरी घेतायत."

"घेऊ द्या."

"सर, जे हजर म्हणत नाहीत त्यांना ते घरी पाठवतायत. दोघं जिन्यापर्यंत गेलेत."

विमला अर्धी उठली. डॉ. विद्याधरांनी हात वर केला. "आपण बसा. आपले उत्तर आम्हांला हवे आहे. मी पाच मिनिटांत येतो. तोवर सर्वांनी प्रश्नावली लिहून काढावी." आणि त्या क्षणी, बावीस वर्षांच्या अध्ययनात प्रथमच, ते विषयाच्या दिशेने चालू लागले.

ऋतिका जिन्याकडे धावली. दालनाच्या मध्यभागी धाकू उभे होते; शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या, पाठ ताठ.

"तू खंयच्या खात्यातलो रे?"

"समाजशास्त्र," डॉ. विद्याधर म्हणाले.

"ता खाता बंद पडला काय?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्यांना थोडा विचार करावा लागला. "हे पाहा आजोबा, विमलाताई आत कामात आहेत. तेवढ्या वेळापुरता, त्यांच्या जागी, पर्यायी स्वरूपात मी—"

"म्हणजे बदली!" धाकूंचा चेहरा उजळला. "मग असा मराठीत सांग ना, मेल्या. कायमवालो रजेर गेलो की त्याच्या जाग्यार उभो रवता तो बदलीवालो. चल, ह्यो साचो सांभाळ."

साचा म्हणजे खुर्च्यांची एक रांग होती. तिच्यावर एकोणिसांपैकी नऊ जण बसले होते. सूत तुटते आहे का पाहत रांगेवरून फेऱ्या मारायच्या, असे काम होते. सूतही तुटत होते: एकाला पाणी हवे होते, एका आजींना आपली पिशवी हरवली असे दर तीन मिनिटांनी वाटत होते आणि पिशवी दर खेपेस त्यांच्याच मांडीवर सापडत होती. गंधालीने ऋतिकाची पेने संपवून डॉक्टरांच्या खिशातली चारही काढून घेतली. संस्थेच्या एका कागदावर सही करायला म्हणून त्यांनी निळे पेन उचलले मात्र, ती अशी किंचाळली की त्यांनी ते स्वतःच्या हाताने, योग्य कोनात, परत ठेवले. सहीवाचून संस्थेचे काही अडले नाही.

पावणेचारला डॉ. विद्याधरांना लघुशंकेला जाण्याची गरज वाटू लागली. ते हळूच मागे सरले.

"खंय चललंस?"

"दोन मिनिटांत आलो."

"तुझी बदली इली काय?"

"नाही, पण—"

"मग? बदली इल्याशिवाय साचो सोडूचो नाय."

डॉ. विद्याधर थबकले. आपल्या तेविसाव्या निबंधात त्यांनी या अवस्थेला 'भूमिका-ताण' म्हटले होते. तो कोठे जाणवतो, याविषयी निबंधात उल्लेख नव्हता. सव्वाचारला ऋतिका जिना उतरून रस्त्यावर पोहोचलेल्या दुसऱ्या आजोबांना परत घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून म्हटले, "ऋतिका, माझी बदली आली!" आणि ते धावत गेले. परत आले ते कृतज्ञ चेहऱ्याने.

साडेचार वाजले. सभा आटोपायची म्हणून त्यांनी सभागृहाचे दार उघडले.

आत बावीस माणसे झोपली होती. कोणी मान मागे टाकून, कोणी शेजारच्याच्या खांद्यावर. जयंतीबाईंनी प्रश्नावल्यांचा गठ्ठा उशाला घेतला होता. विमला तीन खुर्च्या जोडून, डोक्यावरून पदर घेऊन आडवी झाली होती आणि तिचे तोंड लहान मुलासारखे किंचित उघडे होते. सगळी पाने कोरी होती. सत्तावीस निबंधांच्या लेखकाला उत्तर इतक्या स्वच्छ शब्दांत कधीच मिळाले नव्हते.

त्यांनी दाराशेजारच्या ध्वनिक्षेपकाकडे हात नेला. मागून धाकूंनी त्यांचा हात धरला.

"भोंगो झालो?"

"नाही."

"भोंग्याशिवाय पाळी सुटता काय?"

डॉ. विद्याधरांनी आतले दिवे मालवले, दार आवाज न करता ओढून घेतले आणि ते आजींची पिशवी शोधू लागले.

भोंगा पाचला झाला. तो विमलाच्या मोबाइलचा होता. धाकूंच्या गोळीची वेळ. ती दचकून बाहेर आली, तो सासरे खुर्चीत बसून संचालकांना गाठ मारायला शिकवत होते.

"सॉरी हां सर, मी काहीच लिहिलं नाही. डोळाच लागला."

"आपल्याला," डॉ. विद्याधर शब्द शोधत म्हणाले, "बदली हवी होती का?"

"हो ना!" विमला म्हणाली. "हेच विचारत होतात होय मघाशी?"

रिक्षात धाकू म्हणाले, "तो बदलीवालो बरो हा. कामाक मंद, पण पळान जाणा नाय."

पुढच्या रविवारी राजेशने दुसरे पत्र मोठ्याने वाचले. एका बैठकीवरून निष्कर्ष काढणे शास्त्रीय नसल्यामुळे हा अभ्यास आता दर बुधवारी, दीर्घ मुदतीने करण्याचे संस्थेने योजले होते. प्रश्नावली रद्द झाली होती. खुर्च्यांऐवजी सतरंज्यांची सोय होणार होती. शेवटची ओळ या वेळीही ठळक होती.

'कृपया एकट्याने येऊ नये.'