दुसऱ्या विमानाची पात्रता

“वर काय बघतीस? पाटी बघ, पाटी.”

मुकादमाचा हा आवाज चाळीस वर्षं झाली तरी भीमाबाईच्या कानातून गेलेला नाही. हुबळीत गोकुळ रोडच्या पलीकडं विमानतळाच्या धावपट्टीच्या दुरुस्तीवर ती खडी वाहायची. एक चिमुकलं विमान डोक्यावरून गेलं, तिची मान वर झाली, पाटी कलंडली आणि अर्ध्या दिवसाची हजेरी कापली गेली. त्या दिवसापासून तिनं वर बघणं सोडलं. ते काम पुढं मुलाकडं सोपवलं.

ज्ञान अमूल्य असतं, याबद्दल दुमत नाही. जी वस्तू अमूल्य तिची किंमत ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याला असतो आणि ती मोजण्याचा मान शिकणाऱ्याला. हा मान पूर्वी फक्त विद्यार्थ्यांना मिळायचा. आता तो शिकून, नोकरी करून, नोकरी गेलेल्या माणसांनाही मिळू लागला आहे, ही समाधानाची बाब होय.

भीमाबाईच्या यशपालला तो बत्तिसाव्या वर्षी मिळाला. सरकारी शिष्यवृत्तीवर तो वैमानिक झाला, सहा वर्षं एका कंपनीचं विमान उडवलं, आणि एका मंगळवारी कंपनी बंद पडली. तसं पत्र आलं. पत्राची सुरुवात ‘आमच्या लाडक्या कुटुंबीयांनो’ अशी होती. भीमाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं. (कुटुंबातून माणसाला एका महिन्याच्या नोटिशीवर काढता येतं, हे तिला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.)

यशपाल धारवाडला परत आला. सप्तापुरात अंबूताईंच्या घरात खालच्या दोन खोल्या भीमाबाईकडं वीस वर्षांपासून भाड्यानं आहेत. नवरा दगडू रोज बसनं हुबळीला जाऊन गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपात लेथ चालवतो. आणि विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर तीस बाय चाळीस फुटांची एक मोकळी जागा भीमाबाईच्या नावावर आहे. तिथं घर नाही. पण चार दगड मांडून तिनं स्वयंपाकघर आखून ठेवलं आहे, आणि चुलीच्या जागी पाचवा दगड. रविवारी ती तिथं जाते, दगडांच्या मधे बसून भाकरी खाते, आणि उठताना बाहेर पडायचं ते दाराच्या जागेनंच पडते. भिंतीतून जात नाही.

आता पद्धत समजून घेऊ. वैमानिकाला एकाच जातीचं विमान येतं. दुसऱ्या जातीचं उडवायचं तर वेगळी परीक्षा. तिला टाइप रेटिंग म्हणतात. ज्या कंपन्या चालू होत्या त्यांना वैमानिकांची तीव्र टंचाई होती (जाहिरातीत ‘तीव्र’ हा शब्द तीनदा होता), परंतु त्यांची विमानं दुसऱ्या जातीची होती. तेव्हा सदर टंचाई दूर करण्यास इच्छुक उमेदवारानं दुसऱ्या विमानाची पात्रता स्वखर्चानं आणावी, असं ठरलं. याचा न्याय निर्दोष आहे. विमान कंपनीचं. तिकीट कंपनीचं. नफा कंपनीचा. एवढ्या सगळ्यात वैमानिकाचं स्वतःचं असं काय उरतं? अज्ञान. तेव्हा त्याचा खर्च त्यानंच करायचा. पात्रता आणल्यावर नोकरी मिळेलच असं नाही, प्रतीक्षायादीत नाव मात्र नक्की लागतं.

दगडूच्या डोक्यात हे शिरेना.

“आमच्या शॉपात नवीन लेथ आली,” तो म्हणाला, “तर मालकानं आठ दिवस पगार देऊन शिकवलं. वर चहा.”

“अप्पा, लेथ आकाशातून पडत नाही.”

“म्हणून तर म्हणतो. पडणारी वस्तू तर मालकानं जास्त नीट शिकवावी की.”

 यावरचं उत्तर विमानवाहतूक क्षेत्रात अद्याप कुणाकडं आढळलेलं नाही.

मुख्य फी भरण्याआधी बंगळूरच्या शिक्षणसंस्थेत एक चाचणी द्यावी लागे (चाचणीची फी वेगळी). तिच्या तयारीला वैमानिक कॉकपिटचं मोठं चित्र भिंतीला लावतात आणि समोर खुर्ची टाकून खटक्यांवर बोटं फिरवतात. यशपालनं सुभाष रोडवर महेशच्या दुकानात चित्र दिलं आणि दहा फुटांचा फ्लेक्स सांगितला. महेशनं आयुष्यात शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स छापलेला नव्हता. वाढदिवस असो, दहावा असो, कोपऱ्यात प्रभागातले समाजसेवक तुकारामअण्णा हात जोडून असणारच. त्यानं कॉकपिटकडं नीट पाहिलं. खटके, काटे, दिवे, सगळं होतं, माणूस नव्हता. धंद्याच्या इमानाला जागून त्यानं उणीव भरून काढली.

“अरे, अण्णा इंधनाच्या काट्यावर बसलेत,” यशपाल म्हणाला.

“काटा खाली हाय की सर. अण्णांना कुठं ठेवू मग? खाली ठेवलं तर रागावतात.”

चाचणीला नऊ दिवस उरले होते. फ्लेक्स तसाच भिंतीला लागला. मधे तुकारामअण्णा, डावीकडं वर युवक मंडळाचे अकरा सदस्य, आणि सर्वात खाली ‘हार्दिक शुभेच्छा’, जिथं वैमानिकाचे पाय येतात. यशपालनं खुणा पाठ केल्या. चाकं उचलायचा दांडा अण्णांच्या कोपराजवळ. इंजिनाची आग विझवायचा खटका अण्णांच्या उजव्या मिशीच्या टोकाला.

या कामात यादी वाचायला दुसरा माणूस लागतो. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं हात लावून सांगायचं. सूनबाई सुकन्या शाळेत शिकवायला जायची, म्हणून सकाळची पाळी भीमाबाईकडं आली. पण तिला कोरडे शब्द लक्षात राहत नसत; जन्मभर जे काही लक्षात ठेवलं ते चालीवर. तेव्हा तिसऱ्या दिवसापासून सप्तापूरच्या त्या गल्लीत सकाळी सहाला विमान असं निघू लागलं:

‘दिवा लाविला पंखाला, दार घेतलं लावून,
बाळ माझा यशपाल उडे भिंतीला टेकून.

तेल बघितलं बाई, काटा हालंना डोलंना,
पुसलं मी अण्णांना, अण्णा काहीच बोलंना.’

आणि यशपाल खुर्चीतून गंभीरपणे म्हणे, “इंधन पाहिलं.” नऊ दिवसांत या मायलेकरांनी त्या भिंतीवरून एकशे बारा उड्डाणं केली. त्यातली एकशे अकरा सुखरूप उतरली. (एकदा वीज गेली.)

बंगळूरला खोट्या विमानाच्या हलत्या डब्यात परीक्षकानं अचानक इंजिनाला आग लावली. अशा वेळी बरेच उमेदवार गोंधळतात. यशपाल मोठ्यानं “अण्णांची मिशी, उजवी” म्हणाला आणि नेमका खटका दाबला. अहवालात नोंद झाली ती अशी: ‘उमेदवाराची पद्धत अपरिचित. उत्तर बरोबर. पुढील प्रशिक्षणास पात्र.’ खाली मुख्य फीचा आकडा आणि पंधरा दिवसांची मुदत. आकडा भीमाबाईच्या जागेच्या किमतीएवढा होता. संस्थेनं जागा येऊन मोजली नव्हती. असे आकडे आपोआपच जुळतात.

मग सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. यशपालनं पैसे भरावेत का, या प्रश्नावर सप्तापुरात त्रेचाळीस जणांनी मत दिलं. बेचाळीस जण म्हणाले, भरावेत. (या बेचाळीस जणांना भरायचे नव्हते.) त्रेचाळिसावा दगडू.

निवृत्त प्राध्यापक सुमंतसर खास घरी आले. “हा खर्च नव्हे, दगडूअण्णा. ही गुंतवणूक आहे.”

“मग सर, तुम्ही करा की थोडी गुंतवणूक.”

सरांना एकदम आठवलं की गॅसवर दूध आहे.

वरून अंबूताई उतरल्या. त्यांची मुलगी मुंबईला असल्यामुळं विमानाच्या विषयात गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असे. “पायलटनं शिकायलाच पाहिजे री,” त्या म्हणाल्या. “आमचा जीव असतो त्याच्या हातात. आमच्या जिवासाठी कुणी चार पैसे खर्च केले तर त्यात वाईट काय?”

यशपाल दारात उभा राहून ऐकत होता. त्या संध्याकाळी तो आईजवळ बसला.

“नको आई. मी इथंच कोचिंग क्लासला गणित शिकवतो. तुझं घर होऊ दे.”

“गणित येतंय तुला?”

“येतंय.”

“मग हिशोब कर. घर झालं, मी ओट्यावर बसले, विमान वरून गेलं, आणि तू माझ्याजवळ खडू घेऊन बसलायस. मला ते घर लाभंल का?”

त्यानं हिशोब केला नाही.  ती भाकरी थापायला उठली. त्या रविवारी ती जागेवर गेली. भाकरी नेली नव्हती. चुलीच्या जागेचा दगड बराच वेळ हातात धरला, पुन्हा होता तिथं ठेवला, आणि दाराच्या जागेनं बाहेर पडली. बुधवारी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तिनं सही केली.  घरी येऊन दगडूनं फ्लेक्सवरची धूळ पुसली, तुकारामअण्णांच्या चेहऱ्यासकट.

गल्लीत तिनं सांगितलं, “थोडी ठेव होती.” जागेचं कुणी विचारलं की म्हणायची, “पावसाळा जाऊ दे, मग बघू.” पोराला आईचं घर विकून नोकरी घ्यावी लागली, असं कुणी म्हणू नये एवढीच तिची इच्छा होती.

पद्धत यशस्वी झाली, हे नमूद करायला हवं. यशपालला पात्रता मिळाली, आठ महिने प्रतीक्षायादीत राहण्याचा अनुभव मिळाला, आणि शेवटी नोकरीही मिळाली. मधल्या काळात उड्डाणांचा सराव सुटल्याबद्दल कंपनीनं त्याला शिकाऊचा पगार लावला. तो का सुटला, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नव्हता.

परवा अंबूताई मुलीकडून परतल्या. पिशवी न उतरवताच भीमाबाईच्या पायरीवर टेकल्या.

“भीमव्वा, तुझ्या पोराच्याच कंपनीचं विमान होतं बघ. काय गुळगुळीत उतरवलं म्हणतीस. आणि तिकीट? एसी बसपेक्षा स्वस्त. शेजारच्या सीटवरच्याला तर माझ्यापेक्षाही दोनशे रुपये कमी पडले. मुंबईपासून हुबळीपर्यंत तेच सांगत होता मला.”

(वाचकहो, शेजारच्या सीटवर आपण होतात. खिडकी आपल्याकडं होती. दोनशे रुपये वाचवण्यासाठी आपण तीन रात्री फोनवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दर पाहत होतात, आणि वैमानिकानं माइकवर स्वतःचं नाव सांगितलं तेव्हा कानात गाणं होतं. आपल्या चोखंदळपणाचं कौतुकच आहे.)

“एवढ्या कमी पैशात कसं परवडतं गं त्यांना?” अंबूताईंनी पाणी पिऊन विचारलं. “आणि तुझं घर कुठवर आलं? पावसाळा तर जाऊन किती दिवस झाले. नुसती जागा घेऊन ठेवलीस.”

भीमाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“जागा विकली, अंबूताई. तुमच्या तिकिटात कमी पडत होते ते मी घातले. शेजारी बसलेल्यांच्या तिकिटात पण.”